फोनमधली दोन घड्याळं आणि एक जास्तीचा सेकंद

(हा भागाचा लिखित मजकूर आहे. बोलताना मी जिथे अडखळले ते काढलंय, बाकी बरंचसं बोलले तसंच ठेवलंय.)

लोकलमध्ये लटकत ऐकत असाल, नाहीतर घरी भांडी घासता घासता, जसं जमेल तसं ऐका. हात मोकळा असेल तर एक काम सांगते. फोनच्या सेटिंगमध्ये जा. तारीख आणि वेळ जिथे असते तिथे 'ऑटोमॅटिक' असं एक बटण असतं, ते शोधून ठेवा. बंद करू नका हं! नुसतं बघून ठेवा. आजचं सगळं बोलणं त्या बटणापासून सुरू होतं.

ते बटण मला माझ्या भाच्याने दाखवलं. म्हणजे मला माहीत होतंच, इतकी वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढलीत, पण त्याने ते वापरून दाखवलं. सातवीत आहे तो. दिवाळीच्या सुट्टीत आमच्याकडे आला होता. ते मोबाइलवर गोळ्या फोडायचे गेम असतात ना, त्यात पाच लाइफ मिळतात. संपल्या की थांबा, अर्ध्या तासाने एक परत येते, नाहीतर पैसे भरा. पठ्ठ्याने काय केलं, ऑटोमॅटिक बंद केलं, फोनचं घड्याळ तीन तास पुढे सरकवलं आणि गेम परत उघडला. पाचच्या पाच लाइफ हजर!

"मावशी, मी तीन तास स्किप केले," असं म्हणाला आणि परत मान खाली.

मी हसले. मग जरा वेळाने हसू गेलं, कारण त्या गेम बनवणाऱ्याने जी चूक केली होती, नेमकी तीच मी माझ्या पहिल्या नोकरीत केली होती. फक्त माझ्या चुकीत लाइफ नव्हत्या, माणसांचा पगार होता. ते सांगते. पण त्याआधी फोन वेळ मोजतो कसा, ते थोडक्यात बघू. नाहीतर पुढचं नीट कळणार नाही.

फोनच्या आत क्वार्ट्झचा एक इवलासा तुकडा असतो. भिंतीवरच्या घड्याळातही हाच असतो. त्याला वीज दिली की तो थरथरतो, सेकंदाला ३२,७६८ वेळा. आकडा विचित्र वाटतो ना? त्याला निम्मं करत जा. १६,३८४, मग ८,१९२, मग ४,०९६, असं पंधरा वेळा निम्मं केलं की बरोबर १ उरतो. इलेक्ट्रॉनिक सर्किटला निम्मं करणं अगदी सोपं जातं, म्हणून मुद्दाम असा तुकडा कापतात. झाला तुमचा एक सेकंद.

पण हे थरथरणं तंतोतंत नसतं. ऊन लागलं, गारठा पडला, तुकडा जुना झाला की थोडा फरक पडतो. साधं क्वार्ट्झ दिवसाला एक-दोन सेकंद इकडेतिकडे होतं. एका दिवसाला ठीक आहे. महिन्याला मिनिटभर होतं.

आता हे सेकंद मोजून ठेवायचे कुठे? संगणक 'आज मंगळवार, सकाळचे नऊ' असं काही ठेवत नाही. तो फक्त एक आकडा ठेवतो, १ जानेवारी १९७० ची मध्यरात्र झाल्यापासून किती सेकंद झाले तो. मध्यरात्र यूटीसीची, म्हणजे जगाच्या समाईक वेळेची. आपल्याकडे तेव्हा पहाटेचे साडेपाच वाजले होते. युनिक्स नावाची प्रणाली बनवणाऱ्यांनी सोयीची म्हणून ही तारीख निवडली आणि आज बहुतेक सगळे सर्व्हर, सगळे अँड्रॉइड फोन याच खुंटीला बांधलेले आहेत. एखाद्या यंत्राची बॅटरी पार मेली, परत चालू केलं आणि स्क्रीनवर १ जानेवारी १९७० दिसलं, असं कधी झालंय का? ते यामुळे. त्याचा आकडा शून्यावर गेलेला असतो. आज हा आकडा १७० कोटींच्या पुढे आहे.

क्वार्ट्झ चुकतं हे सगळ्यांना माहीत आहे, म्हणून फोन अधूनमधून शहाण्या माणसाला वेळ विचारतो. कधी मोबाइलच्या टॉवरला, कधी इंटरनेटवरच्या वेळेच्या सर्व्हरला. या विचारण्याची एक ठरलेली पद्धत आहे, एनटीपी. अमेरिकेतल्या डेव्हिड मिल्स यांनी १९८०च्या दशकात ती बसवली. त्यातली युक्ती मला फार आवडते. तुम्ही विचारलं 'किती वाजले?' आणि उत्तर यायला वेळ लागला, तर उत्तर शिळं झालेलं असणार. म्हणून विचारणारा मोजतो की प्रश्न जाऊन उत्तर येईपर्यंत किती वेळ गेला, त्याचं निम्मं करतो आणि उत्तरात मिळवतो. वेळेचे हे सर्व्हर शेवटी कुठल्या ना कुठल्या अणुघड्याळाशी जोडलेले असतात. भारताची प्रमाणवेळ दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा सांभाळते, तिथेही अणुघड्याळं आहेत.

तुमचं ते ऑटोमॅटिक बटण म्हणजे हे. फोन विचारतो आणि आपलं घड्याळ दुरुस्त करतो.

आणि इथे गोम आहे. घड्याळ मागे पडलं असेल तर दुरुस्ती म्हणजे पुढे उडी. पण घड्याळ पुढे गेलं असेल तर? तर ते मागे येतं. मंडळी, तुमच्या फोनमधली वेळ कधीकधी मागे जाते. मी कॉलेजातून बाहेर पडले तेव्हा हे मला कोणी सांगितलं नव्हतं. आणि मीही कोणाला विचारलं नव्हतं.

आता माझी गोष्ट. २०१६ साल. पुण्यातली एक छोटीशी कंपनी, आम्ही सहा जण. आमचं एक गिऱ्हाईक होतं, गाड्यांचे सुटे भाग बनवणारा कारखाना. तिथे गेटवर बोट टेकवायचं पंचिंग मशीन बसवलेलं होतं आणि त्याचा हिशोब करणारं सॉफ्टवेअर माझं. फार अवघड नव्हतं. बाहेर पडायच्या वेळेतून आत यायची वेळ वजा करायची. आठ तास भरले तर पूर्ण दिवस. नाही भरले तर हाफ डे. सकाळी दहा मिनिटं उशीर चालायचा. माझ्या कोडमध्ये ही वजाबाकी एका ओळीत होती आणि मला ती ओळ फार स्वच्छ वाटायची.

पुढच्या महिन्याच्या सात तारखेला पगाराच्या स्लिपा वाटल्या आणि दुपारी आमच्या ऑफिसात फोन वाजला. कारखान्याच्या एचआरचा. म्हणाले, एकाच दिवशी पहिल्या पाळीतल्या बेचाळीस जणांना हाफ डे लागलाय, सगळे गेटवर उभे आहेत, तुम्ही येऊन बघा. पण त्यांच्या आवाजात काळजी कमी आणि संशय जास्त होता, आणि संशय माझ्यावर नव्हता. "बेचाळीस जण मिळून दोन मिनिटं आधी सटकले असणार, मशीन काय खोटं बोलतंय?"

मी गेले. रेकॉर्डमध्ये खरंच तसं होतं. ७ तास ५८ मिनिटं. ७ तास ५९ मिनिटं. एकही आठच्या वर नाही. गेटजवळ एक काका उभे होते, निवृत्तीला आलेले असतील, हातात किल्लीचं जुनं घड्याळ. ते भांडले नाहीत. एवढंच म्हणाले, "ताई, तीनचा भोंगा झाला, मग मी निघालो. सकाळी सातच्या भोंग्याआधी मी आत होतो. दोन भोंग्यांच्या मध्ये आठ तास असतात. तुमचं मशीन त्यातली दोन मिनिटं कुठं घालवून आलं?"

मला उत्तर देता आलं नाही. मी त्या दिवसाची सगळी नोंद ओळीने काढली आणि वाचत बसले. बराच वेळ काही दिसलं नाही, कारण मी प्रत्येक माणसाची आत-बाहेरची जोडी बघत होते. मग मशीनने ज्या क्रमाने नोंदी लिहिल्या त्या क्रमाने बघितल्या. एक नोंद होती ११ वाजून २० मिनिटांची. तिच्या खालची, म्हणजे नंतरची, ११ वाजून १७ मिनिटांची.

झालं असं होतं. पावसात गेटकडची नेटवर्कची वायर खराब झाली होती, ती तीनेक महिने तशीच. तेवढे दिवस मशीनला वेळ विचारायला कोणी नव्हतं. गेटवर उन्हात तापणारं मशीन, रोज अडीच सेकंद पुढे जात होतं. नव्वद दिवसांत पावणेचार मिनिटं. रोज आत येतानाही तेवढंच पुढे आणि बाहेर जातानाही तेवढंच पुढे, म्हणून वजाबाकी बरोबर येत होती. सकाळी दहा मिनिटांची सूट होती, म्हणून उशिराचा शेराही कोणाला लागत नव्हता. मग एका सकाळी वायर दुरुस्त झाली. मशीनने आज्ञाधारकपणे वेळ विचारली आणि अकरा वीसच्या सुमाराला स्वतःला पावणेचार मिनिटं मागे आणलं. सकाळी आलेल्यांची नोंद पुढे गेलेल्या घड्याळाची, तीनला गेलेल्यांची दुरुस्त घड्याळाची. प्रत्येकाच्या दिवसातून पावणेचार मिनिटं गायब.

म्हणजे मशीनने त्या दिवशी फक्त एकच गोष्ट केली होती, आपली वेळ बरोबर करून घेतली होती. चुकीचं घड्याळ नव्हतं, माझी वजाबाकी होती.

आता हे नीट ऐका, कारण पुढचं सगळं यावर आहे. 'आत्ता किती वाजलेत' आणि 'किती वेळ गेला' हे दोन वेगळे प्रश्न आहेत. आपण रोजच्या बोलण्यात एकावरून दुसऱ्याचं उत्तर काढतो आणि ते बरोबरही येतं. कारण आपलं घड्याळ मध्येच कोणी मागे करत नाही. संगणकाचं करतात. म्हणून संगणकात, तुमच्या फोनमध्येसुद्धा, दुसरं एक घड्याळ असतं. त्याला मोनोटॉनिक म्हणतात, म्हणजे एकाच दिशेने जाणारं. त्याला तारीख कळत नाही, वार कळत नाही, सकाळ आहे की रात्र ते कळत नाही. यंत्र चालू झाल्यापासून किती वेळ गेला, एवढंच ते मोजतं. तुम्ही सेटिंगमध्ये काहीही करा, ते मागे येत नाही. भाच्याच्या गेमने त्या घड्याळाला विचारलं असतं तर त्याला अर्धा तास गपचूप बसावं लागलं असतं.

मी पुढे मशीनमध्ये ते घड्याळ वापरलं आणि वेळ दुरुस्त झाली की किती सेकंदांची दुरुस्ती झाली, त्याचीही नोंद ठेवायला लावली. बेचाळीसपैकी एक्केचाळीस जणांना पुढच्या पगारात अर्ध्या दिवसाचे पैसे परत मिळाले. दोनशे-सव्वादोनशे रुपये. एक जण कंत्राटी होता, तोवर काम सोडून गेला होता. त्याचा पत्ता नाही म्हणाले. त्याचं नाव मला अजून आठवतं.

त्याच सुमाराला मी पहिल्यांदा वाचलं की यावर्षी डिसेंबरच्या शेवटी सगळ्या जगाची घड्याळं मुद्दाम एक सेकंद मागे घेणार आहेत. मी म्हटलं, अरे बापरे!

याला लीप सेकंद म्हणतात. लीप वर्ष आपल्याला माहीत असतं, चार वर्षांनी २९ फेब्रुवारी. लीप सेकंदाचं भांडण वेगळं आहे. १९६७ साली सेकंदाची व्याख्या पृथ्वीकडून काढून घेऊन सीझियमच्या अणूकडे दिली. या अणूच्या एका ठरावीक प्रारणाची ९१९ कोटी २६ लाख ३१ हजार ७७० आवर्तनं झाली की एक सेकंद. हे कधी बदलत नाही. पृथ्वी मात्र बदलते. चंद्रामुळे समुद्राला भरती-ओहोटी येते, त्या घर्षणाने पृथ्वीची गिरकी हळूहळू मंदावते. शंभर वर्षांत दिवस साधारण दोन मिलिसेकंदांनी मोठा होतो. ऐकायला काहीच नाही. पण दिवस ठरल्यापेक्षा दोन मिलिसेकंद मोठा असेल, तर तो फरक रोज साठत जातो आणि पाचशे दिवसांत एक सेकंद होतो. त्यात पृथ्वीच्या पोटातला वितळलेला गाभा आपल्या लहरीने वागतो, म्हणून कधी मंद, कधी जलद.

तेव्हा १९७२ पासून असं ठरलं की अणूची वेळ आणि पृथ्वीची वेळ यांच्यात ०.९ सेकंदापेक्षा जास्त अंतर पडू द्यायचं नाही. पडायला लागलं की एक सेकंद वाढवायचा, ३० जूनच्या नाहीतर ३१ डिसेंबरच्या शेवटी.

आमच्या आजीला हे दोन मिनिटांत कळलं असतं. चांद्र वर्ष ३५४ दिवसांचं, सूर्याचं ३६५ चं, दरवर्षी अकरा दिवसांचा फरक. तो साठला की पंचांगात अधिक मास येतो, धोंड्याचा महिना. २०२३ मध्ये अधिक श्रावण आला होता, आठवतंय? ही दोन न जुळणाऱ्या चालींची गाठ घालायची तीच युक्ती आहे. फरक असा की अधिक मास गणिताने काढता येतो. पुढच्या शंभर वर्षांतले आज सांगता येतील. लीप सेकंदाचं तसं नाही. पृथ्वी पुढच्या वर्षी कशी फिरेल हे आधी सांगता येत नाही, म्हणून पॅरिसच्या वेधशाळेतलं एक कार्यालय वर्षातून दोनदा पत्रक काढतं की यावेळी सेकंद वाढणार आहे किंवा नाही. जेमतेम सहा महिने आधी. प्रोग्रामरला नियम लागतो, आणि इथे त्याला पत्रकाची वाट बघायला लागते. (आणि जावयांना अनारसे वगैरे काहीच मिळत नाही.)

आजवर असे २७ सेकंद वाढवलेत. पण गंमत बघा, १९९८ च्या डिसेंबरनंतर थेट २००५ च्या डिसेंबरपर्यंत एकही नाही. मधल्या सात वर्षांत इंटरनेट केवढं वाढलं! कितीतरी सॉफ्टवेअर अशा लोकांनी लिहिलं, ज्यांनी काम करताना लीप सेकंद कधी पाहिलाच नव्हता.

आता अडचण कुठे येते ते सांगते. कागदावर ५ वाजून २९ मिनिटं ५९ सेकंदांनंतर ६०वा सेकंद लिहिता येतो. हो, आपल्याकडे हा प्रकार पहाटे साडेपाचला होतो, कारण यूटीसीची मध्यरात्र तेव्हा असते. पण संगणकाचा तो १९७० पासूनचा आकडा? त्याच्या नियमात प्रत्येक दिवस बरोबर ८६,४०० सेकंदांचा. ८६,४०१ व्या सेकंदाला जागाच नाही. मग करायचं काय? लिनक्सने सोपा मार्ग घेतला. तो आकडा एक सेकंद मागे घ्यायचा आणि तोच सेकंद परत जगायचा.

१ जुलै २०१२, रविवार, पहाटे साडेपाच. आपण झोपेत होतो, अमेरिकेत शनिवारची संध्याकाळ होती. रेडिट बंद पडलं. लिंक्डइनला त्रास झाला, मोझिलाचे सर्व्हर तापले. ऑस्ट्रेलियात क्वांटास विमान कंपनी जी चेक-इनची प्रणाली वापरत होती ती अडकली, काउंटरवर हाताने काम करायची वेळ आली, विमानं रखडली. सगळं एका सेकंदामुळे!

कारण मोठं मजेशीर होतं. सर्व्हरवरचे प्रोग्राम सतत थोडी थोडी डुलकी घेत असतात. 'मला अर्ध्या सेकंदाने उठव' असं लिनक्सला सांगून झोपतात. त्या दिवशी लिनक्सने मुख्य घड्याळ एक सेकंद मागे घेतलं, पण गजर लावणाऱ्या भागाला ते कळवायचं राहून गेलं. त्याचं घड्याळ एक सेकंद पुढेच राहिलं. मग कोणी म्हणालं 'अर्ध्या सेकंदाने उठव' की तो म्हणायचा, 'अर्धा सेकंद तर होऊन गेला, ऊठ!' प्रोग्राम उठायचा, काम नाही म्हणून परत झोपायला जायचा, परत 'ऊठ!' सेकंदाला हजारो वेळा. प्रोसेसर शंभर टक्क्यांवर. आणि उपाय काय निघाला? सर्व्हरला आजची तारीख परत एकदा सांगायची. आहे तीच तारीख, तीच वेळ. तेवढं केलं की गजरवाल्याचं घड्याळ जुळायचं आणि सगळं शांत.

हे सगळं वाचून मी ठरवलं की पुढचा लीप सेकंद स्वतः बघायचा. १ जानेवारी २०१७. सगळे थर्टी फर्स्ट करून झोपले होते, मी चहा घेऊन लॅपटॉपसमोर. एक छोटा प्रोग्राम लावला होता, तो १९७० पासूनचा आकडा सतत छापत होता. खिडकीबाहेर अंधार, दूधवाल्याची सायकल. आकडा १४८ कोटी ३२ लाख २८ हजार ७९९ वर आला. पुढचा सेकंद... परत ७९९. मग ८००. पाच एकोणतीस एकोणसाठ हा सेकंद त्या सकाळी माझ्या लॅपटॉपने दोनदा जगला. कोणाला फोन करून सांगावं असं वाटलं, पण त्या वेळी कोण उचलणार! मी झोपून गेले.

दुपारी उठून वाचलं तर क्लाउडफ्लेअरला फटका बसला होता. ही कंपनी कितीतरी वेबसाइटचे पत्ते शोधून द्यायचं काम करते. त्यांचा एक प्रोग्राम बघायचा की अमुक सर्व्हर उत्तर द्यायला किती वेळ घेतो. उत्तराची वेळ वजा प्रश्नाची वेळ. बरोबर त्या दोन वेळांच्या मध्ये घड्याळ एक सेकंद मागे आलं आणि वजाबाकीचं उत्तर शून्याच्या खाली गेलं. प्रश्न विचारायच्या आधीच उत्तर आलं! हा उणे आकडा पुढे अशा ठिकाणी गेला जिथे उणे चालत नाही, आणि प्रोग्राम कोसळला. त्यांनी लपवाछपवी न करता सगळं लिहून छापलं. त्यांच्या कोडमध्ये तपासणी होती, पण 'उत्तर शून्य आहे का' एवढीच. दुरुस्ती म्हणजे 'शून्य किंवा त्याहून कमी आहे का', एका चिन्हाचा फरक. ते ज्या गो भाषेत लिहिलं होतं, तिनेही त्याच वर्षी आपल्या वेळेच्या हिशोबात ते न मागे येणारं दुसरं घड्याळ आतूनच जोडून टाकलं.

खरं सांगते, ते वाचून मला थोडं बरं वाटलं. इतके हुशार लोक, माझीच ओळ! आणि मग लगेच वाईटही वाटलं. त्यांच्या चुकीचा लेख झाला, जगभर वाचला गेला. आमच्या गेटवरच्या मशीनची चूक त्या काकांनी भोंग्यावरून धरून दिली नसती, तर बेचाळीस जण कामचुकार ठरून विषय संपला असता.

गूगलने या दुखण्यावर वेगळा तोडगा काढलाय. सेकंद एकदम वाढवायचाच नाही, दिवसभरावर पसरून टाकायचा. जसं मोठी रक्कम एकदम न भरता ईएमआय करतो, तसे एका सेकंदाचे ८६,४०० हप्ते. त्या दिवशी त्यांच्या सर्व्हरचा प्रत्येक सेकंद अकरा-बारा मायक्रोसेकंदांनी मोठा असतो. कुठेही उडी नाही, कुठेही मागे जाणं नाही. त्या चोवीस तासांत त्यांचं घड्याळ सगळ्या जगापेक्षा किंचित चुकीचं असतं आणि त्यांना ते चालतं. मला हा उपाय पटतो. पण सगळ्यांनी एकाच पद्धतीने पसरलं तरच ना! कोणी पसरतं, कोणी उडी मारतं, आणि त्या दिवशी दोन कंपन्यांच्या सर्व्हरची वेळ जुळत नाही.

जीपीएस तर या भानगडीत पडतच नाही. १९८० च्या जानेवारीत त्याची वेळ सुरू झाली आणि त्यानंतर त्याने एकही लीप सेकंद घेतलेला नाही. म्हणून आज ती यूटीसीच्या १८ सेकंद पुढे आहे. उपग्रह फोनला हा फरक कळवतात, फोन तेवढा वजा करून तुम्हाला वेळ दाखवतो.

शेवटी सगळेच वैतागले. नोव्हेंबर २०२२ मध्ये फ्रान्समध्ये व्हर्सायला वजन-मापांची जागतिक परिषद भरली. तिथे ठरलं की २०३५ पर्यंत, किंवा त्याआधी, ती ०.९ सेकंदाची मर्यादा मोठी करायची. म्हणजे पुढे बराच काळ कोणी सेकंद वाढवणार नाही. घड्याळ आणि सूर्य यांच्यात काही सेकंदांचं अंतर पडू दे, असा अर्थ. आपल्याला त्याचं काय वाटणार? मुंबईने १९५५ पर्यंत स्वतःची 'बॉम्बे टाइम' जपली होती, भारताच्या प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे. ती सोडून आपण ३९ मिनिटांचा फरक पचवला, चार सेकंद काय घेऊन बसलात.

पण २०३५ च्या आधी एक भीती आहे. २०२० च्या सुमारापासून पृथ्वी थोडी जलद फिरते आहे. २९ जून २०२२ चा दिवस २४ तासांपेक्षा १.५९ मिलिसेकंदांनी लहान भरला. असंच चालू राहिलं तर सेकंद वाढवायच्या ऐवजी काढावा लागेल. पंचांगात तिथीचा क्षय होतो ना, तसा सेकंदाचा क्षय. ५ वाजून २९ मिनिटं ५८ सेकंदांवरून थेट साडेपाच. हे आजवर एकदाही झालेलं नाही. २०२४ मध्ये डंकन ॲग्न्यू या अमेरिकन भूशास्त्रज्ञाने 'नेचर'मध्ये मांडलं की ध्रुवांवरचा बर्फ वितळून पाणी विषुववृत्ताकडे पसरतंय, त्यामुळे गिरकी थोडी मंदावते आणि ही वेळ २०२६ ऐवजी २०२९ वर जाते. वाढीव सेकंदाचा सराव असूनही दरवेळी कोणीतरी पडलं. वजा सेकंदाचा सराव तर कोणालाच नाही.

आणि तुमच्यापैकी जे आत्ता वीस वर्षांचे आहेत त्यांच्या डायरीसाठी आणखी एक तारीख, १९ जानेवारी २०३८, मंगळवार. जुन्या यंत्रांत तो १९७० पासूनचा आकडा ३२ बिटांच्या खोक्यात ठेवलाय. त्यात जास्तीत जास्त २१४ कोटी ७४ लाख ८३ हजार ६४७ मावतात. त्या दिवशी सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी खोकं भरेल आणि पुढच्या सेकंदाला ती यंत्रं १९०१ च्या डिसेंबरात जातील. तुमचे नवे फोन ६४ बिटांचे आहेत, त्यांना काही होणार नाही. मला काळजी आहे ती गेटवरच्या मशीनची, लिफ्टच्या पाटीची, पंपांच्या कंट्रोलरची. एकदा बसवली की वीस-वीस वर्षं त्यांच्याकडे कोणी बघत नाही. तुम्ही अशा एखाद्या यंत्राचं कोड लिहीत असाल तर आजच उघडून बघा. आणि त्यात दोन वेळांची वजाबाकी असेल, तर उत्तर उणे आलं तर काय होईल तेही करून बघा.

बरं, भाच्याचं राहिलंच. परवा त्याचा फोन आला, भयंकर चिडलेला. गेमचं नवीन अपडेट आलंय. आता घड्याळ कितीही पुढे केलं तरी लाइफ येत नाहीत, गेम थेट कंपनीच्या सर्व्हरला वेळ विचारतो.

"मावशी, खरं सांग. तूच कळवलंस ना त्यांना?"

नाही रे बाबा. पण तुम्ही ते ऑटोमॅटिकचं बटण बंद करून बसला असाल तर आधी चालू करा, नाहीतर व्हॉट्सॲप ओरडेल. भेटू पुढच्या भागात.